सात रुपये सत्तर पैशांची केटी

आपल्यापैकी बऱ्याच जणांची एक अशी मार्कशीट तयार होत असते जी युनिव्हर्सिटी देत नाही. तिच्यावर मार्क ३०० ते ९०० च्या मधे मिळतात. तिचा सिलॅबस कोणी शिकवत नाही, पेपर कधी झाला ते समजत नाही आणि रिझल्टही नोटीस बोर्डावर लागत नाही. तो कळतो थेट बँकेत, समोरचा साहेब स्क्रीनकडे बघून "हं... थोडा प्रॉब्लेम आहे" म्हणतो तेव्हा! या मार्कशीटचं नाव क्रेडिट स्कोअर. बोलताना आपण सरळ 'सिबिल' म्हणतो.

मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर मी आधी टाळाटाळच केली. मी कॉन्व्हेंटची, माझं मराठी म्हणजे आजीशी बोलायचं मराठी. (शुद्धलेखन संपादक मंडळ बघून घेईलच.) पण विषय मात्र माझा मीच निवडला. माझं शिक्षण एज्युकेशन लोनवर चालू आहे आणि त्या कर्जाच्या कागदावर माझ्या सहीशेजारी बाबांची सही आहे. त्या दुसऱ्या सहीचा नेमका अर्थ काय, हे मी सुट्टीत बसून समजून घेतलं. तेव्हा वाटलं की हे होस्टेलमधल्या प्रत्येकाला माहीत हवं. आणि फक्त विद्यार्थ्यांनाच कशाला, मेस, ऑफिस, लॅबमधल्या काका-मावशींनाही. हप्ते तर सगळ्यांचेच चालू असतात.

पत म्हणजे काय रे भाऊ?

'पतपेढी', 'पतसंस्था' या पाट्या आपण गावोगावी बघतो. त्यातला 'पत' म्हणजे क्रेडिट, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं! पत म्हणजे विश्वास. हा माणूस घेतलेलं परत देईल, वेळेवर देईल, हा विश्वास.

किराणा दुकानात 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी असते, तरी त्याच दुकानदाराकडे गल्ल्याखाली एक उधारीची वही असतेच. त्या वहीत कोणाचं नाव लिहायचं हे तो चेहरा बघून ठरवतो. तुमच्या आजोबांना ओळखतो, पगार कधी होतो ते त्याला माहीत असतं. दोन दिवस उशीर झाला तर तो म्हणतो, "असू दे, आठ तारखेला द्या."

बँकेला तुमचा चेहरा माहीत नाही. म्हणून सगळ्या बँकांची, फायनान्स कंपन्यांची मिळून एक मोठी वही ठेवायची कल्पना निघाली. आपल्याकडे ती वही ठेवणारी पहिली संस्था २००० साली स्थापन झाली : क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड, म्हणजेच सिबिल. आता तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल आहे. या कामासाठी २००५ साली स्वतंत्र कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत : सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. चौघींवर देखरेख रिझर्व्ह बँकेची. तुम्ही कुठलंही कर्ज घेतलंत, क्रेडिट कार्ड घेतलंत की त्याची नोंद तुमच्या पॅन नंबरच्या आधारे या वह्यांत जाते.

फरक एवढाच की ही वही ठेवणारा "असू दे, आठ तारखेला द्या" असं म्हणत नाही.

रुपये नाही, दिवस मोजतात

आता मुख्य मुद्दा. बहुतेकांना वाटतं की मोठी रक्कम बुडवली तरच सिबिल खराब होतं. दहा-वीस रुपयांनी काय होतंय? इथेच घोटाळा आहे.

समजा तुम्ही हप्त्याने फोन घेतलाय. दर महिन्याच्या ५ तारखेला १,५०० रुपये खात्यातून आपोआप कापले जातात. तुमच्या खात्यात आहेत १,५१०. तुम्ही निवांत. ४ तारखेला बँकेने तीन महिन्यांचे एसएमएस चार्जेस कापले, समजा १५ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७ रुपये ७० पैसे. आता खात्यात उरले १,४९२ रुपये ३० पैसे. हप्त्याला कमी पडले फक्त ७ रुपये ७० पैसे.

५ तारखेला काय होईल? बँक १,४९२ देऊन बाकीचे नंतर घेईल? अजिबात नाही. ऑटो-डेबिट हा शुद्ध डिजिटल लॉजिकचा खेळ आहे. एक किंवा शून्य. पूर्ण रक्कम असेल तर हप्ता जाईल, एक पैसा जरी कमी असेल तर अख्खा हप्ता परत. म्हणजे थकले सात रुपये नाहीत, थकले पूर्ण १,५००. वर तुमची बँक दंड लावणार आणि फायनान्स कंपनीही लावणार, ते वेगळंच.

दंड भरून मोकळं होता येतं. पण त्या रात्रीपासून एक काउंटर सुरू होतो. त्याचं नाव डीपीडी, डेज पास्ट ड्यू, म्हणजे देय तारखेनंतर उलटलेले दिवस. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये हे स्पष्टच केलं आहे : देय तारखेला बँकेचं दिवसअखेरीचं काम होईपर्यंत पूर्ण हप्ता आला नाही, तर खातं त्याच तारखेपासून थकीत धरायचं. कर्ज कितीही लहान असो. पुढे ३० दिवसांपर्यंत ते 'एसएमए-०', ६० पर्यंत 'एसएमए-१', ९० पर्यंत 'एसएमए-२' आणि ९० च्या पुढे 'एनपीए', म्हणजे बुडीतच्या वाटेवरचं कर्ज. या पायऱ्या दिवसांच्या आहेत, रुपयांच्या नाहीत. थकलेली रक्कमही रिपोर्टमधे दिसते, पण काउंटर पुढे सरकतो तो दिवसांचा. दहा रुपये बाकी असले तरी तो दहा लाखांच्या काउंटरइतक्याच वेगाने पळतो.

याहून मजेशीर (म्हणजे भीषण) भाग पुढे आहे. जानेवारीचा हप्ता चुकला. फेब्रुवारीत तुम्ही इमानदारीने एक हप्ता भरलात. तुम्हाला वाटलं, झालं आता सुरळीत. पण आलेले पैसे सहसा आधी सर्वात जुन्या बाकीत वळते होतात. म्हणजे फेब्रुवारीत भरलेला हप्ता जानेवारीच्या नावावर गेला आणि फेब्रुवारीचा पुन्हा रिकामा! मार्चमधे तेच, एप्रिलमधे तेच. बायनरी बेरजेतला कॅरी जसा पुढे पुढे ढकलला जातो, अगदी तसंच. तुम्ही दर महिन्याला पैसे भरताय, आणि दर महिनाअखेरीला तुमचं खातं पंचवीसेक दिवस थकलेलं दिसतंय. एकदाच चुकलात, पण वर्षभर चुकताय असं चित्र.

फोटो कधी काढतात?

कर्ज देणाऱ्या संस्था तुमच्या खात्याची स्थिती ठरावीक दिवशी या चार कंपन्यांना कळवतात. आपण त्याला फोटो म्हणू. पूर्वी हा फोटो महिन्यातून एकदा निघायचा. त्यामुळे ५ तारखेचा हप्ता २० ला भरला तरी ३१ च्या फोटोत सगळं छान छान दिसायचं. १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने हा फोटो निदान दर पंधरा दिवसांनी, म्हणजे १५ तारखेला आणि महिनाअखेरीला काढायला सांगितलं, आणि ही मुदत आणखी कमी करण्याकडेच तिचा कल आहे. सबमिशनची तारीख उलटल्यावर सरांच्या केबिनबाहेर उभं राहून जमवण्याची सोय इथून पुढे कमीच होत जाणार.

हे सगळं रिपोर्टमधे कसं दिसतं? प्रत्येक कर्जासमोर मागच्या ३६ महिन्यांचे चौकोन असतात. वेळेवर भरलं तर '०००' (आयुष्यात पहिल्यांदा शून्य मार्क मिळाल्याचा आनंद!). २५ दिवस उशीर तर '०२५'. पुढे कर्ज फिटलं तरी ते चौकोन लगेच पुसले जात नाहीत. केटी सुटली तरी मार्कशीटवर अटेम्प्ट दिसतोच ना, तसं.

आपल्या होस्टेलातल्या चुका

आधी एक दिलासा. मेसचं बिल थकलं तर ते सिबिलला कळत नाही. (रेक्टरना कळतं, ते जास्त वाईट!) खात्यातले स्वतःचेच पैसे यूपीआयने दिले तर त्याचाही स्कोअरशी संबंध नाही. प्रश्न येतो तो उधारीचा. आणि हल्ली उधारी 'उधारी' असं नाव घेऊन येत नाही.

१. आत्ता खा, नंतर द्या. जेवण मागवताना किंवा कपडे घेताना 'पे लेटर' असं एक गोड बटण दिसतं. ते दाबलं की तुम्ही चक्क कर्ज घेतलेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल लेंडिंग नियमांनुसार अॅपवरून दिलेलं कुठलंही कर्ज, रक्कम आणि मुदत काहीही असो, क्रेडिट कंपन्यांना कळवावं लागतं. म्हणजे शुक्रवार रात्रीची बिर्याणीसुद्धा रिपोर्टमधे जाऊन बसू शकते. आमच्या विंगमधल्या एका सीनियरने असे साडेतीनशे रुपये वापरले, मग स्वस्त प्लॅनसाठी सिम बदललं. आठवणीचे सगळे मेसेज जुन्या नंबरवर जात राहिले. चार महिन्यांनी बाईकच्या लोनसाठी गेला तेव्हा त्याला आपली ही 'थकबाकी' पहिल्यांदा कळली.

२. राउंड फिगर. बिल ४,५१२ रुपये आणि आपण भरतो ४,५००. किराणा दुकानात वरचे बारा रुपये सोडतात, कॉम्प्युटर सोडत नाही. क्रेडिट कार्डावर निदान 'मिनिमम ड्यू' भरला तर खातं थकीत धरत नाहीत, पण उरलेल्या रकमेवर व्याज चालू होतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. तो दर महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास असू शकतो! कार्डाला एक सवलत मात्र आहे : देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच बँक ते खातं थकीत म्हणून कळवू शकते आणि लेट फी लावू शकते. फोनच्या हप्त्याला असा नियम नाही.

३. रविवार आहे, उद्या बघू. पूर्वी सुट्टीच्या दिवशी ऑटो-डेबिट होत नसे. १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा सातही दिवस चालते. हप्त्याची तारीख रविवारी असो की दिवाळीच्या पाडव्याला, पैसे आदल्या दिवशी खात्यात हवेत.

४. खातं बदललं, हप्ता तिथेच. हे जास्त करून स्टाफच्या बाबतीत होतं. आमच्या ब्लॉकच्या काकांनी हप्त्याने फ्रीज घेतला होता. मधेच पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत गेलं. पगार नव्या खात्यात, हप्ता जुन्या खात्यातून. काकांकडे पैसे होते, द्यायची नियतही होती. पण मशीन जुन्याच दारावर टकटक करत राहिलं.

५. न वापरलेलं कार्ड. कॉलेजच्या गेटवर स्टॉल लावून, बॅग फुकट देऊन कार्ड गळ्यात मारतात. 'पहिलं वर्ष फ्री' असतं. दुसऱ्या वर्षी समजा ५०० रुपये फी लागली, जीएसटी धरून ५९०, आणि ते कोणी भरत नाही, कारण 'मी तर कार्ड वापरलंच नाही'. नको असेल तर बंद करायचा लेखी अर्ज द्या. बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर पुढे दर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे, असा २०२२ पासून नियम आहे.

६. दोस्तीखातर. "यार, माझं लोन अप्रूव्ह होत नाही, तुझ्या नावावर लॅपटॉप घेऊ, हप्ता मी भरतो." दोस्ती खरी असेलही, पण वहीत नाव तुमचं. मित्राची इंटर्नशिप गेली तर चौकोन तुमचे भरतील. हा एकच सल्ला मी हात जोडून देईन : नाही म्हणा.

पण बिघडतं काय?

सर्वात आधी, पुढचं कर्ज महाग होतं किंवा मिळतच नाही. साधारण ७५० च्या वरचा स्कोअर बँका चांगला मानतात. अनेक बँका स्कोअर बघूनच होम लोनचा दर ठरवतात. वीस वर्षांच्या कर्जात पाव-अर्धा टक्का म्हणजे किती, हे इंजिनिअरला सांगायला नको.

दुसरं म्हणजे ती शेजारची सही. सहकर्जदार आणि जामीनदार यांच्याही रिपोर्टमधे तेच कर्ज दिसतं. बँकांच्या मॉडेल एज्युकेशन लोन योजनेत कोर्स संपल्यावर एक वर्षापर्यंत हप्ता नसतो. तोपर्यंत सगळे निश्चिंत. मग पहिला हप्ता येतो तेव्हा आपण नव्या शहरात, नवा नंबर, नवं सॅलरी अकाउंट. आणि हप्ता त्या जुन्या, कॉलेजजवळच्या शाखेतल्या खात्यातून जायचा असतो, ज्यात आपण १४० रुपये ठेवून निघून आलेलो असतो. तिथे जो चौकोन बिघडतो तो दोघांचा. माझ्या बाबांनी आयुष्यात एक हप्ता चुकवलेला नाही. त्यांच्या रिपोर्टमधे पहिला लाल आकडा माझ्यामुळे यावा, ही कल्पनाच मला सहन होत नाही. घराच्या दुरुस्तीसाठी ते कर्ज मागायला जातील तेव्हा बँकेला हे थोडंच सांगता येणार आहे, की हा उशीर माझा नाही, मुलीचा आहे!

तिसरं म्हणजे नोकरी. आपल्यातले कितीतरी जण बँकेच्या परीक्षा देतात. स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिराती नीट वाचल्यात तर त्यात एक अट सापडते : कर्ज किंवा कार्डाची थकबाकी चुकवल्याची नोंद असलेले उमेदवार नेमणुकीला पात्र नाहीत. याच अटीवरून रद्द झालेल्या एका नेमणुकीचं प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. सगळी कर्जं फेडली आहेत असं उमेदवाराचं म्हणणं होतं. तरीही २०२५ मध्ये न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला. उलट केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका विद्यार्थ्याला दिलासा दिला होता, की केवळ सिबिल कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नये. पण त्यासाठीही कोर्टात जावं लागलं, आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही.

मग करायचं काय?

घाबरून जाऊ नका. कर्ज घेणं हा गुन्हा नाही. ज्याने कधीच कर्ज घेतलेलं नाही त्याचा स्कोअर चांगलाही नसतो आणि वाईटही नसतो, रिपोर्टवर 'एनएच' म्हणजे 'इतिहास नाही' असं येतं. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलेलं आहे. थोडक्यात काय, कोरी पाटी चालते, खाडाखोड केलेली पाटी नडते.

* वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून तुमचा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चार कंपन्या म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवलात तर वर्षभर लक्ष राहतं. आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ही अफवा आहे. कमी होऊ शकतो तो सारखी नवनवी कर्जं मागितल्याने.
* ज्या खात्यातून हप्ता जातो त्यात एका हप्त्याइतकी रक्कम जास्तीची ठेवा. ते जमत नसेल तर निदान दोनशे रुपये. वरचा ७ रुपये ७० पैशांचा अपघात तेवढ्यानेही टळला असता.
* हप्ता बाऊन्स झालाच तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका. त्याच दिवशी फोन करून हप्ता भरा, दंड किती ते विचारा आणि 'आता बाकी शून्य' असं लेखी घ्या. कॅरी तिथेच तोडायचा.
* नंबर बदललात तर आधी बँकेत कळवा. थकबाकीची नोंद क्रेडिट कंपनीला पाठवताना बँकेने ग्राहकाला मेसेज किंवा ईमेल करायचा असतो. तो बंद पडलेल्या सिमवर गेला तर काय उपयोग?
* कर्ज संपलं की 'नो ड्यूज' पत्र घ्या आणि महिन्याभराने रिपोर्टमधे 'क्लोज्ड' लिहिलंय का बघा. कोणी "अर्धेच भरा, मिटवून टाकू" म्हटलं तर सावध! तिथे 'सेटल्ड' असं लिहिलं जातं, आणि बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ होतो : याने पूर्ण दिले नाहीत.
* चूक तुमची नसेल तर गप्प बसू नका. नाव सारखं असल्यामुळे दुसऱ्याचं कर्ज आपल्या रिपोर्टमधे येऊ शकतं. क्रेडिट कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. त्यानंतरही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल आहेत.

आणि एक काम फायनल इयरवाल्यांसाठी. नो-ड्यूजच्या फॉर्मवर लायब्ररी, जिमखाना, मेस, वर्कशॉप अशा सगळ्यांच्या सह्या घेत आपण दोन दिवस कॅम्पसभर फिरतो. त्याच दोन दिवसांत अर्धा तास काढून बँकेच्या शाखेत जाऊन या. एज्युकेशन लोनचा पहिला हप्ता कुठल्या तारखेला आहे, कुठल्या खात्यातून जाणार आहे, आणि त्यांच्याकडे आपला कुठला नंबर आहे, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरं लिहून घ्या आणि त्याचा एक फोटो घरी पाठवा, ज्यांची सही शेजारी आहे त्यांना.

ऑल द बेस्ट!